कार्ड बदलण्याआधी

भोसरीतल्या एका कारखान्यातून रात्री साडेअकराला फोन आला. स्पॉट वेल्डिंगच्या सेलमधलं फिरतं टेबल मधूनच थांबत होतं. पॅनलमधल्या सेफ्टी आउटपुट कार्डावर, म्हणजे धोक्याच्या वेळी मशीनचा पुरवठा तोडायला लावणाऱ्या कार्डावर, लाल दिवा आणि स्क्रीनवर निरोप : चॅनल शून्य (म्हणजे कार्डाचं पहिलं आउटपुट), २४ व्होल्टला शॉर्ट. मी पोचेपर्यंत तिथल्या मंडळींनी दोन कार्डं बदलून पाहिली होती. दोन्ही कार्डांनी थोडा वेळ काम केलं आणि मग तोच निरोप दिला. "साहेब, अख्खा लॉटच खराब आलाय," इलेक्ट्रिशियन म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर दहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो.

सेफ्टी कार्ड महाग असतं, ते शेल्फवर सहसा नसतं, पण ते बदलायला पाचच मिनिटं लागतात. त्यामुळे लाल दिवा दिसला की हात आधी कार्डाकडे जातो. पण माझ्या अनुभवात दोष कार्डात क्वचितच निघतो. तो तारेत, काँटॅक्टरमध्ये (कॉइलने ओढला जाऊन मोटरचा पुरवठा जोडणारा-तोडणारा मोठा स्विच), केबल आत घेणाऱ्या एखाद्या ग्लँडमध्ये शिरलेल्या तेलात किंवा कुणीतरी भल्या हेतूने केलेल्या बदलात असतो. तो शोधायचा तर हे कार्ड दिवसभर नेमकं काय करत बसतं, ते आधी समजून घ्यायला हवं.

साध्या आउटपुट कार्डाचा कारभार एकतर्फी असतो. पीएलसीने, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरने, सांगितलं की २४ व्होल्ट सोडायचे, सांगितलं की बंद करायचे. तार पुढे कुठे गेली आणि काँटॅक्टर ओढला गेला का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अडचण अशी की आतला ट्रान्झिस्टर मरतो तेव्हा बऱ्याचदा शॉर्ट होऊन मरतो. म्हणजे आउटपुट कायमचं चालू. मशीन नेहमीसारखं चालत राहतं, कुणाला काही कळत नाही. ज्या दिवशी कुणाचा तरी हात आत जाऊन लाइट कर्टन, म्हणजे मशीनसमोरचा प्रकाशकिरणांचा पडदा, तुटतो आणि मशीन थांबत नाही, त्या दिवशी कळतं.

सेफ्टी कार्डाची सगळी रचना या एका भीतीभोवती उभी आहे. प्रत्येक आउटपुटसाठी एकाऐवजी दोन स्विच एकापुढे एक असतात, म्हणजे एक चिकटला तरी दुसरा तोडू शकतो. आतले दोन प्रोसेसर एकमेकांवर नजर ठेवतात. आणि टर्मिनलवर खरोखर किती व्होल्टेज आहे, ते कार्ड स्वतःच परत वाचतं.

पण आउटपुट तासन् तास चालूच असेल, तर ते बंद होऊ शकतं की नाही हे कसं कळणार? खंडाळ्याचा घाट उतरण्याआधी जुना ट्रक ड्रायव्हर ब्रेकवर जरा पाय टेकवून बघतो. त्याला गाडी थांबवायची नसते, वेळ आली तर ती थांबेल ना, एवढंच बघायचं असतं. कार्डही तसंच करतं. चालू आउटपुट ते क्षणभर, सहसा एक मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ, बंद करतं. व्होल्टेज खाली आलं का ते वाचतं आणि लगेच पुन्हा चालू करतं. याला डार्क टेस्ट म्हणतात. काँटॅक्टरला सुटायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागत असल्याने त्याला पत्ताही लागत नाही. काही कार्डं उलटी तपासणीही करतात, म्हणजे बंद आउटपुटला क्षणभर टिचकी मारून बघतात. बंद असतानाही एलईडीचा दिवा मिणमिणताना दिसला, तर भूत नाही, बहुतेक ही टिचकी असते.

आता स्क्रीनवरच्या त्या निरोपाकडे परत या. "२४ व्होल्टला शॉर्ट." कार्डाने जाऊन तार तपासलेली नाही. त्याने एवढंच पाहिलं : मी बंद केलं, तरी माझ्या टर्मिनलवर व्होल्टेज तसंच राहिलं. हे झालं निरीक्षण. "शॉर्ट आहे" हा त्यावरून काढलेला निष्कर्ष, आणि तो कार्ड बनवणाऱ्या इंजिनिअरने कुठल्यातरी ऑफिसात बसून आधीच लिहून ठेवलेला असतो. निरीक्षण जवळजवळ नेहमी खरं असतं, निष्कर्ष चुकू शकतो. सेफ्टी कार्डाचं निदान म्हणजे निष्कर्ष बाजूला ठेवून निरीक्षणापर्यंत मागे जाणं. मला कुणी एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी हीच सांगेन.

बंद केल्यावरही व्होल्टेज का राहील?

पहिली शक्यता सरळ आहे. केबलमध्ये कुठेतरी या तारेची साल जाऊन ती कायम २४ व्होल्ट असलेल्या तारेला टेकली आहे. केबल ड्रॅग चेनमधून (हलत्या भागाबरोबर केबल नेणारी साखळी) सतत वाकत असेल, तर हे हमखास कधीतरी होतं. टेबल किंवा गँट्री एका ठराविक जागी आली की फॉल्ट येतो आणि पुढे सरकली की जातो, अशी तक्रार असेल तर आधी त्या जागी केबल हाताळून बघा.

दुसरी शक्यता, ही तार त्याच कार्डाच्या दुसऱ्या आउटपुटला टेकली आहे. चॅनल शून्य बंद झाला तरी शेजारचा चॅनल त्याला मागच्या दाराने व्होल्टेज पुरवतो. हे पकडता यावं म्हणून कार्ड सगळ्या चॅनलांची तपासणी एकाच क्षणी करत नाही, वेळ सरकवून एकेकाची करतं. दोन चॅनल जोडीने फॉल्ट दाखवत असतील तर संशय इथे घ्यावा. दोन्ही तारा एकाच मल्टीकोर केबलमधून जात असतील आणि वाटेत जंक्शन बॉक्स किंवा एम १२ कनेक्टर असेल, तर तो उघडून बघा. आत कूलंट साचलेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

तिसरी शक्यता कार्डाचा स्वतःचा स्विच चिकटल्याची. ती खरी असते तेव्हा कार्ड बदलावंच लागतं.

चौथी शक्यता सगळ्यात फसवी, कारण तिच्यात शॉर्ट कुठेच नसतो. आउटपुट बंद झाल्यावर तारेवर साठलेला विद्युतभार वाहून जायला वेळ लागतो आणि कार्ड तेवढं थांबत नाही.

इथे थोडा हिशोब करू. काँटॅक्टरची साधी डीसी कॉइल ३ वॉटची असेल, तर तिचा रोध साधारण १९२ ओहम. शंभर मीटर केबलची धारिता २० नॅनोफॅरड धरली तरी तो भार या कॉइलमधून काही मायक्रोसेकंदांत वाहून जातो. कार्डाची काहीच तक्रार नसते. आता त्याच आउटपुटला ड्राइव्हचं, म्हणजे मोटर चालवणाऱ्या यंत्रणेचं, सेफ टॉर्क ऑफ इनपुट (मोटरचा जोर काढून घेणारं सेफ्टी इनपुट) जोडा. ते जेमतेम ५ मिलिअँपिअर घेतं, म्हणजे रोध सुमारे ४,८०० ओहम. त्याच्या तोंडाशी विजेतला खडखडाट (नॉइज) गाळायला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर व्होल्टेज २४ वरून ५ पर्यंत उतरायला जवळपास पाऊण मिलिसेकंद लागतं. कार्ड अर्ध्या मिलिसेकंदाने वाचणार असेल, तर त्याला तिथे अजून ८ व्होल्ट दिसणार. शॉर्ट नाही, कार्ड चांगलं, तार चांगली, ड्राइव्हही चांगला, आणि तरी लाल दिवा.

भोसरीच्या टेबलाची गोष्ट याच घराण्यातली निघाली. मी विचारलं, गेल्या आठवड्यात या पॅनलमध्ये काय बदललं? आधी सगळे म्हणाले, काहीच नाही. मग एकजण हळूच म्हणाला, के १ काँटॅक्टर जळाला होता, तो बदलला. त्याच अँपिअरचा, त्याच व्होल्टेजचा, पण जुन्या मॉडेलचा मिळाला नाही म्हणून एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारा बसवला. अशा काँटॅक्टरमध्ये साधी कॉइल नसते. आधी रेक्टिफायर (करंट एकाच दिशेने जाऊ देणारं सर्किट), मग कपॅसिटर, मग कॉइलला तोलून करंट देणारं छोटं सर्किट. कार्डाने क्षणभर आउटपुट बंद केलं, की हा काँटॅक्टर आपल्या कपॅसिटरवर निवांत चालत राहतो आणि तारेतून काहीच घेत नाही. रेक्टिफायरमुळे उलटही काही जात नाही. म्हणजे तारेवरचा भार वाहून न्यायला कुणी उरतच नाही. तार दोन्ही टोकांनी तुटल्यासारखी, २४ व्होल्ट पोटात घेऊन तरंगत राहते. कार्ड वाचतं, व्होल्टेज तसंच दिसतं, आणि ते प्रामाणिकपणे म्हणतं : २४ व्होल्टला शॉर्ट. तपासणीचा क्षण आणि काँटॅक्टरचं करंट ओढणं यांचा मेळ कधी बसायचा, कधी नाही, म्हणून फॉल्ट कधी दहा मिनिटांनी यायचा, कधी तासाने.

साध्या डीसी कॉइलचा काँटॅक्टर लावला आणि फॉल्ट गेला. तो मिळत नसेल तर मॅन्युअल परवानगी देत असेल तिथे भार ओढून घेणारा रोध लोडला समांतर लावता येतो. तिसरा मार्ग सॉफ्टवेअरचा. बऱ्याच कार्डांत डार्क टेस्टनंतर किती वेळ थांबून वाचायचं हे बदलता येतं. हा मार्ग सोपा दिसतो म्हणून लोक इथे धावतात, पण त्याची किंमत वेगळ्या खात्यात पडते. ही वेळ दोषाच्या प्रसंगी थांबण्याच्या एकूण वेळेत धरावी लागते. आयएसओ १३८५५ या मानकाप्रमाणे लाइट कर्टन धोक्यापासून किती लांब हवा, हे थांबायला लागणाऱ्या वेळेवर ठरतं. त्यासाठी हाताचा वेग सेकंदाला २,००० मिलिमीटर धरतात, अंतर अर्ध्या मीटरपेक्षा जास्त असलं तर १,६००. म्हणजे लॅपटॉपवर ५० मिलिसेकंद वाढवले, तर कर्टन ८० ते १०० मिलिमीटर मागे न्यावा लागू शकतो. तो हिशोब पुन्हा मांडल्याशिवाय ही वेळ वाढवणारा माणूस फॉल्ट काढत नसतो, लपवत असतो.

बाकीचे निरोप

"शून्य व्होल्टला शॉर्ट" किंवा "ओव्हरलोड" यामागचं निरीक्षण साधं आहे : चालू केलं आणि करंट मर्यादेबाहेर गेला. जळून आतून शॉर्ट झालेली कॉइल, चिरडलेली केबल, किंवा कॉइलवरचा डायोड. काँटॅक्टर बदलल्यानंतर लगेच हा निरोप आला, तर कॉइलच्या ए १ आणि ए २ या टोकांच्या तारा उलट तर लागल्या नाहीत ना, ते बघा. आत डायोड असलेल्या कॉइलला उलटं जोडलं की तो डायोडच सरळ शॉर्ट बनतो.

"तार तुटली" हा निरोप करंट अपेक्षेपेक्षा कमी पडला की येतो. टर्मिनलमधून निसटलेलं फेरूल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) हे नेहमीचं कारण. पण कधीकधी तार शाबूत असते आणि लोडच फार हलका असतो. जुना बल्ब काढून एलईडीचा दिवा लावला की कार्डाला वाटतं, पलीकडे कुणी नाहीच.

नव्या माणसाला हमखास चकवणारा एक प्रकार वेगळा सांगायला हवा. काही कार्डं लोडच्या दोन्ही बाजू तोडतात, प्लसची आणि मायनसचीही. पीएम स्विचिंग म्हणतात ते हेच. इथे लोडचा मायनस कार्डाच्याच एम (म्हणजे मायनस) टर्मिनलवर परत यायला हवा. आपल्याला सवय असते सगळे मायनस पॅनलमधल्या शून्य व्होल्टच्या पट्टीवर नेण्याची. तसं केलं की काँटॅक्टर ओढला जातो, मशीनही चालेलसं दिसतं, पण करंट कार्डाच्या मायनस स्विचला वळसा घालून निघून जातो. कार्डाला ते कळतं आणि ते फॉल्ट देतं. ड्रॉइंग न बघता केलेल्या दुरुस्तीत ही चूक मी पुन्हापुन्हा पाहिली आहे. अशा कार्डावर ऑसिलोस्कोप लावतानाही जपून. स्कोपची अर्थ क्लिप एम टर्मिनलला लावली, तर तुम्ही स्वतःच तो मायनस अर्थला जोडता आणि आणखी एक फॉल्ट जन्माला घालता.

काँटॅक्टर चिकटल्याची तक्रार खरं म्हणजे आउटपुट कार्डाची नसतेच, पण बोल त्यालाच लागतो. काँटॅक्टरच्या मिरर काँटॅक्टची, म्हणजे मुख्य काँटॅक्टच्या उलट वागणाऱ्या छोट्या काँटॅक्टची, तार एका इनपुटवर परत आणलेली असते. मुख्य काँटॅक्ट वेल्ड होऊन बसला असेल, तर हा नॉर्मली क्लोज्ड काँटॅक्ट परत जुळू शकत नाही, अशी त्याची यांत्रिक रचना असते. आउटपुट बंद करूनही ठराविक वेळेत हा सिग्नल परत आला नाही, की सिस्टिम पुढच्या वेळी चालू व्हायला नकार देते. कधी काँटॅक्टर खरंच चिकटलेला असतो. कधी वरचा ऑक्झिलरी ब्लॉक थरथरीने अर्धवट सुटलेला असतो, बोटाने दाबला की टक् आवाज येतो.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. एकाच वेळी सगळे चॅनल गेले, तर तारांच्या मागे लागू नका. पुरवठा मोजा, तोही लोड चालू होतानाच. एसएमपीएस (२४ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) थकलेला असला तर रिकामा २४ दाखवतो आणि चार व्हॉल्व्ह एकदम ओढले की खाली बसतो. पुरवठा ठीक असेल तर संवाद बघा. सेफ्टी पीएलसी आणि कार्ड ठराविक वेळेत एकमेकांना निरोप देतात. एक निरोप उशिरा आला तरी कार्ड सगळी आउटपुटं शून्यावर नेतं. तेव्हा दोष नेटवर्कच्या स्विचमध्ये किंवा प्लगमध्ये असतो आणि लाल दिवा मात्र कार्डावर दिसतो.

मग हात कुठे घालायचा?

सगळ्यात आधी, रिसेट दाबू नका. मोबाइलने सगळ्या दिव्यांचा फोटो काढा आणि डायग्नोस्टिक बफर (पीएलसीतली फॉल्टची नोंदवही) वाचा. एका फॉल्टमागून दहा येतात, त्यातला वेळेने पहिला आलेला शोधा. बाकीचे नऊ बहुतेक त्याची पिल्लं असतात. मग विचारा, काय बदललं? उत्तर नेहमी "काहीच नाही" असतं, म्हणून ते तीनदा विचारा, आणि दरवेळी वेगळ्या माणसाला.

त्यानंतर मशीन लॉक करून, उभ्या अक्षावर किंवा हवेच्या दाबावर अडकलेलं काही असेल तर त्याला आधार देऊन, कार्डाच्या टर्मिनलवरून संशयित तारा काढा. त्यांच्या जागी एक साधा डीसी काँटॅक्टर जोडा. मी बॅगेत जुना एक ठेवतोच. आता आउटपुट चालू करा. फॉल्ट परत आला, तर दोष कार्डात. आला नाही, तर तारेत किंवा लोडमध्ये. एवढ्या एका प्रयोगाने अर्धं जग बाद होतं. मग लोडच्या टोकाशी जाऊन तिथूनही तारा सोडवा आणि केबलचा इन्सुलेशन रोध मोजा. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावणार असाल तर कार्डाकडचं टोक सुटलेलं आहे याची दोनदा खात्री करा. कित्येक चांगली कार्डं फॉल्टने नाही, मेगरने मेली आहेत.

मल्टीमीटरवर मात्र विसंबू नका. एक मिलिसेकंदाचा खड्डा त्याला दिसतच नाही, तो शांतपणे २४ दाखवत राहतो. डार्क टेस्ट बघायची तर स्कोप हवा, उतरत्या कडेवर ट्रिगर लावून. व्होल्टेज कड्यासारखं सरळ खाली येत असेल तर लोड निर्दोष. वाळूच्या ढिगासारखं घसरत येत असेल, तर कुठेतरी कपॅसिटर बसलेला आहे. आणि अजिबात खाली येतच नसेल, तर वर सांगितलेल्या चार शक्यतांची वही पुन्हा उघडा.

एक गोष्ट पॅनलमध्ये कधीतरी सापडते, तिच्याबद्दल बोललंच पाहिजे. तारेचा छोटा तुकडा, फीडबॅक इनपुटवर कायमचे २४ व्होल्ट देणारा. कुणीतरी रात्रपाळीत उत्पादन चालू राहावं म्हणून लावलेला. लावणारा नोकरी सोडून गेलेला असतो, तुकडा तिथेच असतो. काँटॅक्टर चिकटल्याची बातमी देणारी एकुलती एक वाट त्याने बुजवलेली असते. फॉल्ट काढायला पॅनल उघडलंच आहे, तर ड्रॉइंग हातात घेऊन असा एखादा तुकडा आहे का, तेही बघून घ्या.

आणि कार्ड खरोखरच मेलं असेल तर? बदला. पण नवं कार्ड लावल्यावर तेही लाल किंवा मुकं राहिलं, तर घाबरू नका. सेफ्टी कार्डाला स्वतःची ओळख असते. पीएलसी ज्या सेफ्टी पत्त्यावर कार्ड शोधतं, तो पत्ता नव्या कार्डावर नसेल तर ते त्याला घरात घेत नाही. कुठे हा पत्ता छोट्या डिप स्विचवर लावायचा असतो, कुठे सॉफ्टवेअरमधून द्यायचा असतो. काही सिस्टिममध्ये तो कार्डाखालच्या बेसमधल्या एका छोट्या तुकड्यात साठलेला असतो, तो तुकडा जुन्या कार्डाबरोबर चुकून ओढून काढला की झालं. दुसऱ्या मशीनवरून काढलेलं वापरलेलं कार्ड जुन्या मालकाची आठवण घेऊन येतं, ती आधी पुसावी लागते. "नवं कार्डही खराब निघालं" या तक्रारीतलं खराब कार्ड बहुधा असंच अनोळखी म्हणून दाराबाहेर उभं राहिलेलं असतं.

भोसरीच्या त्या रात्री बदललेली दोन कार्डं "फॉल्टी" असा कागद चिकटवून स्टोअरच्या कपाटात टाकली होती, आणि टेबलावरून मूळ काढलेलं तिसरं त्यांच्या शेजारी. सकाळी चहानंतर तिन्ही खाली आणली, एकेक बेंचवर लावलं, माझ्या बॅगेतला जुना काँटॅक्टर जोडून तासभर चालू ठेवलं. एकानेही लाल दिवा दाखवला नाही. इलेक्ट्रिशियनने कागद फाडले आणि मार्करने तिन्हींवर तारीख घातली.